तिन्हीकडं तेच कुत्रं

नाही, मला सांगा, माणसानं शहाणं तरी किती असावं? आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, नामपुरातल्या शहाण्यांचे मुकादम! एका तोंडाची बातमी घेणारच नाहीत. तिघांनी सांगितली तरच खरी! पूर्वी पारावरची तीन माणसं तीन घरची असायची, ठीक होतं... आता सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी मोबाइल, झाले तीन! काही बोललो की, "कॉलेज सोडल्यालं शिकवतंय मला! तिघंबी खोटं बोलतील का रे?"

तुम्हाला सांगतो, मागच्या महिन्यात पेपरात आलं, कांदा कोसळणार. टीव्हीवरची बाई किंचाळली, कोसळणार! मोबाइल टुणकन वाजला, कोसळणार!! म्हटलं, आप्पा, तिन्हीचा मालक एकच आहे हो, परदेशात बसलाय, त्यानं कांदा फक्त बर्गरमध्ये बघितला असेल! हा पेपरातला फोटो बघा, कांद्याच्या ढिगावर तांबडं कुत्रं. टीव्हीवर तेच कुत्रं, मोबाइलवर तेच, शेपूटसुद्धा त्याच बाजूला! तर आप्पा काय म्हणावेत? "बघ, कुत्रंबी तिन्हीकडं हाय. म्हंजे पक्कं!"

कांद्याची अर्धी चाळ रिकामी केली, साठवलेला कांदा मातीमोल विकला, अन् आठ दिवसांत भाव दीडपट! चूक कबूल? नाव नका काढू. "बातमी बरोबर व्हती, बाजार चुकला."

डोकंच फिरलं माझं! स्वतःचं चॅनल काढलं, रोज मार्केटात उभा राहून कांद्याचा लिलाव मोबाइलवर दाखवायला लागलो. देवळा, येवला, कुठून कुठून लोक बघायला लागले! एक दिवस आप्पा पुटपुटले, "तुझं चौथं धरीन." आई म्हणाली, "पोरा, गंगेत घोडं न्हालं." मी तर रडायचाच बाकी होतो...

आणि परवा फोन. गोड बाई. "सर, तुमचं चॅनल आम्हाला घ्यायचंय. तुम्हीच बोलायचं, फक्त बातमी आणि फोटो आम्ही पाठवू." आम्ही म्हणजे कोण? तेच हो, त्या तिन्हीचे मालक! मी नाही म्हणेपर्यंत आप्पांनी फोन ओढला, कारण सिम त्यांच्या नावावर, चॅनल त्यांच्या नावावर, मी कुणाच्या नावावर देव जाणे... "घ्या बाई घ्या! घरातला एक माल तरी भावात जाऊ द्या."

आज सकाळी पहिली बातमी आली. कांदा कोसळणार. वर फोटो... तेच कुत्रं! वाचली मी, काय करता? अन् आप्पांनी लगेच ट्रॅक्टर चाळीला लावला, उरलेला कांदा भरायला.

"आप्पा, थांबा!" ओरडलो.

"का थांबू? आता तर चौघं सांगत्यात! चौघंबी खोटं बोलतील का रे?"

चौथा मीच ना! घेतलं घमेलं, लागलो भरायला.