तुरीतला तक्रारदार

(पारध्यांच्या बेड्याला, म्हणजे वस्तीला, लागून रुखमाबाईचं तुरीचं वावर. सकाळचं कोवळं ऊन.)

रुखमाबाई : माह्या तुरीचा फुलोरा झाडून राह्यला तू, देवानंद. बाहेर ये.

देवानंद : हळू बोल माय. गाडी गेली का?

रुखमाबाई : जाईन कशाले? तुह्यासाठीच तं आली.

देवानंद : म्हणूनच पळालो.

रुखमाबाई : अबे, धरायले नाई आली. बुलढाण्याहून चौकशीवाल्या मॅडम आल्या. तक्रार तुही, बलावणं तुहं, अन् तूच तुरीत?

देवानंद : ठाऊक हाय मले. अंघोळ करून, धुतला सदरा घालून मघापासून वाटच पाहत होतो. जीपचा आवाज आला अन् पाय निंगाले. मी नाई पळालो माय, पाय पळाले.

रुखमाबाई : बेड्यावरचे बाकीचे कुठी गेले?

देवानंद : त्या कपाशीत असतीन. माहा आजा पळे, बाप पळे. आमच्यात पोरगं चालायले लागलं, की पहिले हेच शिकते.

रुखमाबाई : अन् आज जबाब नाई दिला, तं तुले मारून सस्पेंड झालेला तो ठाण्याचा जमादार सोमवारी परत कामावर येते. हात तुहा मोडला, अन् रुबाब त्याचा कायम. चालते तुले?

देवानंद : नाई चालत. पण त्यानं काय लिहून देलं, माईत हाय ना? मी पळत होतो, पळता पळता पडलो, हात मोडला. अन् आता मॅडमच्या डोयादेखत पळालो. त्या म्हणतीन, जमादार खरं बोलते.

रुखमाबाई : त्या दिवशी तं तू माह्या धुऱ्यावर, या बांधावर, उभा होता. मी पाह्यलं नाई का?

देवानंद : त्याचंच तं वाईट वाटते. त्या दिवशी ठाण्याची गाडी आली, तवा पळालो नाई. म्हटलं, तुह्या वावरात कामावर हाव, तू संग हाय, मले कोण काय करते. नाव बी विचारलं नाई जमादारानं. कुठचा म्हणे. बेड्यावरचा म्हटलं, की काठीच काढली.

रुखमाबाई : अन् विहिरीवरची जे मोटर चोरली म्हणून तुले मारलं, ते भगवंतरावाचा राम चिखलीले वायंडिंगले घेऊन गेला होता. बापाले सांगायचं राहून गेलं. दिवेलागणीले मोटर घरी. चोरी झालीच नाई, मार तेवढा झाला.

पूनम : सापडले का व माय?

रुखमाबाई : हा काय. ये पूनम, तुह्या नवऱ्याले तूच काढ.

देवानंद : जमादार संग हाय का?

पूनम : नाई. मॅडम अन् एक ड्रायव्हर. बाजीवर बसल्या. घाई नाई म्हणे, येऊ द्या त्याईले.

देवानंद : तू काय सांगितलं, मी कुठी गेलो म्हणून?

पूनम : खरं सांगितलं. तुमची गाडी पाहून पळाले म्हटलं.

देवानंद : संपलं मंग.

पूनम : आयका तं. म्हटलं, मॅडम, हेच लिहून घ्या. ज्यानं तक्रार केली, तोच गाडी पाहून पळाला. आमच्या बेड्यावर गुन्हा करून कोणी पळत नाई, गाडी दिसली की पळते.

देवानंद : लिहिलं?

पूनम : लिहिलं. मले वाचून बी दाखवलं. काही बदलायचं का म्हणे. मंग पाणी मांगितलं.

देवानंद : बाटली नव्हती गाडीत?

पूनम : होती. पण आपल्या माठातलं मांगितलं, अन् गिलास रिकामा केला.

रुखमाबाई : माहा जबाब बी झाला. हात जोडून उभा होता म्हटलं, अन् जोडलेल्या हातावर काठी मारली. माह्या या डोयानं पाह्यलं. मॅडमची मान खाली गेली बावा.

देवानंद : तू ठाण्याविरुद्ध बोलली माय? गावात राहाचं हाय तुले.

रुखमाबाई : मंग? वावर माहं, धुरा माहा. तिथं काय झालं ते मी नाई सांगन, तं कोण सांगन? लय हलकं वाटून राह्यलं मले. ऊठ आता, माही तूर मोकळी कर.

पूनम : हात द्या इकडं.

देवानंद : कोणता देऊ? सरळ का वाकडा?

पूनम : वाकडाच द्या. मॅडमले तोच दाखवाचा हाय.

रुखमाबाई : ते पाहा, कपाशीतून बी मुंडकी वर येऊन राह्यली. चाला बे सगळे.

देवानंद : येतो माय. पण जरा हळू चाल.

रुखमाबाई : काऊन? हात दुखते का?

देवानंद : नाई. गाडीकडं चालत जायची सवय नाई मले.