नवऱ्याने चहा केला

तुम्हाला वाटतं, भाषेवर पीएचडी म्हणजे लायब्ररीत बसून शब्दकोश चाळायचे. अरे, मी मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार वाक्यं घेऊन फिरत होते. लोकांनी ऐकायचं आणि मराठी म्हणून बरोबर की चूक, एवढंच सांगायचं. पहिलं वाक्य मुद्दाम सोपं ठेवलेलं. तेच ज्याला चुकीचं वाटेल, त्याची पुढची सगळी उत्तरं बाद.

समोरच्या पेडणेकर काकू म्हणजे माझ्या हक्काच्या. त्यांना वाचून दाखवलं, "नवऱ्याने चहा केला."

"चूक."

मी हबकले. "काकू, नीट ऐका ना. काय चुकलं यात?"

"लग्न झाल्यापासून एकदाही केलेला नाही."

"अहो, व्याकरणाने सांगा."

"व्याकरणाने पण नाही केला."

पेपर वाचत बसलेले काका तडक उठून किचनमध्ये गेले. बराच वेळ नुसती भांडी वाजत होती. मग तीन कप घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "आता विचार परत."

मी परत वाचलं, "नवऱ्याने चहा केला."

काकूंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"'नवऱ्याने' बरोबर आहे. 'केला' पण बरोबर आहे. मधला शब्द बदल."