मसाल्याआधीचा माल

(केंदूर. दुपारचे तीन. ओट्यावर म्हस्कू, पट्टी बांधलेला उजवा पाय उशीवर. सून रुपाली कंपनीच्या निळ्या अॅप्रनमध्येच पायरीवर बसलेली.)

म्हस्कू : आणला न्हाई म्हंजी? आज शनवार ना?

रुपाली : शनवारच आहे, मामा.

म्हस्कू : मग? शनवारी मोडक्या चकत्यांचा तुकडामाल वाटत्यात की तुमच्या कंपनीत. का बंद केला मेल्यांनी?

रुपाली : वाटला. मी घेतला नाही.

म्हस्कू : आगं पण का? आठवडाभर वाट बघतो मी त्या पिशवीची. बीट काय, गाजर काय, आन् ती कुरकुरीत भेंडी! ह्या कडू गोळ्या गिळून तोंडाला काय तर चव लागंल का न्हाई?

रुपाली : शेंगा भाजून देऊ?

म्हस्कू : ठेव तुझ्या शेंगा. आन् तीन वाजता घरी कशी तू? सुपरवायझरसंगं भांडलीस व्हय?

रुपाली : नाही. हाफ डे टाकला.

म्हस्कू : तू? अंगात ताप असताना टाकला न्हाईस कवा!

रुपाली : मामा, दोन मिनिटं गप बसा ना. मला काहीतरी सांगायचंय, आन् तुम्ही मधी मधी बोललात की माझा धीर सुटतो.

म्हस्कू : बरं बाई, बसलो गप. बोल.

रुपाली : माझं काम माहितीये ना तुम्हाला? बेल्टवर उभं राहायचं. तळून आलेल्या चकत्या निवडायच्या, करपलेल्या काढायच्या. माझ्या पुढं मसाल्याची खोली. तिथं मीठ-मसाला लागतो, मग पाकीट.

म्हस्कू : ठावं हाय. म्हणून तर तू मसाल्याआधीचा आणतीस. पारावर सांगतो मी सगळ्यांना, सून लई डोक्याची हाय माझी.

रुपाली : नका सांगत जाऊ तसं.

म्हस्कू : का न सांगू? शुगर वाढली म्हणून डॉक्टर म्हणला भाज्या खा, आन् मी तर दुधी बघितला की ताट सारणारा माणूस. तू नसतं आणलं तर भाजी गेली असती का माझ्या पोटात?

रुपाली : भाजी नव्हतीच हो ती नुसती. ऐका. पहिल्यांदा मी तयार पाकीट घरी आणलं होतं, आठवतंय? मागचं सगळं वाचलं. मीठ, तेल, आन् खाली बारीक अक्षरात नावंच नावं. मला वाटलं, ही सगळी भानगड मसाल्याची. मसाला लागायच्या आधीच उचललं तर उरतं काय? भाजी. तेलसुद्धा मशीन फिरवून काढतात, ते मी डोळ्यांनी बघते. म्हणून तुकडामाल आणायला लागले.

म्हस्कू : मग बराबरच हाय की.

रुपाली : नाही. आज मागच्या सेक्शनची बाई आली नव्हती, म्हणून मला तिकडं पाठवलं. दोन वर्षं झाली मला, पण त्या दाराच्या आत कधी गेले नव्हते. तिथं चकत्या कापून टाकीत बुडवतात. मला वाटलं पाणीच असंल. हात घातला आन् बोटं चिकटली.

म्हस्कू : कशानं?

रुपाली : पाक आहे मामा. साखरेचाच भाऊ. ड्रमच्या ड्रम ओततात. तासन् तास बुडवून ठेवतात, भाजी पार आतपर्यंत पिते ते. मग गोठवतात, मग तळतात. त्याच्याबिगर अशी कुरकुरीत होत नाही, म्हणली तिथली बाई. ड्रमवरचं नाव वाचलं मी. माल्टोज सिरप. पाकिटावर होतं तेच. मी मसाल्यात धरलं होतं ते.

म्हस्कू : बीट गोडच असतंय की मुळात.

रुपाली : भेंडी गोड असती का?

म्हस्कू : भेंडी?

रुपाली : सांगा ना. तुमच्या रानातली भेंडी कधी गोड लागली तुम्हाला?

म्हस्कू : मला वाटलं, माझ्या जिभेचं वय झालं.

रुपाली : आषाढापासनं घालतीये मी तुम्हाला. सात महिने. दिवाळीनंतर अंगठा काढला तुमचा. डॉक्टर दरवेळी विचारायचे, खायला काय देता? मी ताठ मानेनं सांगायचे, साहेब, नुसत्या भाज्या. त्यांनी गोळी वाढवली. मग सुई लावली. अन् उद्या तपासायला गेलो की म्हणतील, सुईनंही साखर उतरंना, आता गुडघ्याखालनं...

म्हस्कू : रडू नगंस. शेजारीण वाकून बघतीया.

रुपाली : बघू द्या.

म्हस्कू : चार वर्षं झाली, गुळाच्या खड्याला हात न्हाई लावला मी. नातवाच्या बारशाचा पेढा परत दिला. तात्याबाच्या लेकीच्या लग्नात जिलबी वाढायला आलेल्याचा हात धरला. लोक म्हणायचे, म्हस्कूचा शब्द म्हंजी शब्द.

रुपाली : शिव्या द्या ना मला. काय पण बोला.

म्हस्कू : राग आलाय, खोटं कशाला बोलू? ह्याच पायांनी मेंढरं कोकणात नेली आन् माघारी आणली, पंचवीस वर्षं. पण काढू कुणावर? तू काय जाणून घातलंस?

रुपाली : उद्या मी डॉक्टरांना सगळं सांगणार.

म्हस्कू : माझ्या ल्योकाच्या, मल्हारच्या समोर?

रुपाली : हे तर दौंडवरनं गाडी घेऊन सकाळीच येणार. शिरूरला दवाखान्यात आपल्यासंगंच असतील. पण सांगायला लागंल मामा. औषध हरलं नाही, तोंडातनंच साखर जात होती, हे डॉक्टरांना कळलं पाहिजे. कळलं तर थांबतील कदाचित. थोडे दिवस देतील.

म्हस्कू : आन् तुझा नवरा काय म्हणंल?

रुपाली : म्हणतील, सांगत होतो कंपनी सोड. आता बस घरात. माझ्या बापाचा पाय खाल्लास. अन् काय चुकीचं आहे त्यात?

म्हस्कू : माझा ल्योक हाय त्यो, मला ठावं हाय. एकदा बोलला का जल्मभर बोलंल. तुझी कंपनी पैली सुटंल.

रुपाली : सुटू दे.

म्हस्कू : न्हाई सुटू द्यायची. कारेगावला कंपनीत जायला लागल्यापास्नं तू ह्या घरात मोठ्यानं हसाया लागलीस. तुझी सासू जलमभर तोंडाला पदर लावून हसली. मला बरं वाटतं तुझं हसणं.

रुपाली : मग डॉक्टरांना सांगायचं तरी काय?

म्हस्कू : सांगायचं, म्हातारा चोरून गूळ खात हुता.

रुपाली : मामा!

म्हस्कू : रोज खात हुता म्हण. आषाढापास्नं. डब्यात हात घालून. साखर तोंडातनं गेली येवढंच डॉक्टरला पाहिजे ना? मग त्येच सांगायचं.

रुपाली : अहो, गावभर होईल. पारावरची माणसं हसतील तुम्हाला. जे तुम्ही केलंच नाही...

म्हस्कू : हसू दे. पायाचं काय व्हायचं ते हुईल. डॉक्टरनं वेळ दिला तर दिला.

रुपाली : मला नाही जमायचं असं खोटं बोलायला.

म्हस्कू : तू बोलूच नगंस. मीच सांगतो. तू निस्ती गप उभी ऱ्हा.

रुपाली : अन् ह्यांनी तुमच्या तोंडाकडं बघून विचारलं तर? आबा, खरं का हे, म्हणून?

म्हस्कू : तवा मी खाली बघीन. बापाला खाली बघताना त्यानं कवा पाह्यलं न्हाई. त्यापुढं काय इचारायचा न्हाई त्यो.