एका घरात दोन चुली

…हसा, हसा! पुरुषमाणूस ओसरीवर उकिडवा बसून फुंकणी फुंकतोय, नाकातोंडात राख चाललीय, हसाल नाही तर काय कराल! धुरात मला तुमची तोंडंसुद्धा दिसत नाहीत, पण हसू बरोबर ऐकू येतंय. बसा मंडळी. पण तुम्हाला सांगतो, ही चूल मी हौसेनं नाही मांडली हो! भात शिजेस्तोवर ऐका आणि मग सांगा, या भगवंतरावाचं चुकलं कुठे?

मी मूळचा धारचा. तिथे घर होतं, दारात चिंच होती, शेजारी होते. पण प्लेगच्या साली सगळं विस्कटलं, आमचा माधव वर्षभर शाळेविना त्या चिंचेवरच राहिला, आणि मला इथे देवासला थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकुनी मिळाली. आता देवास म्हणजे कसं, गाव एक आणि राज्यं दोन! थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला शिंकलात तर एका सरकारात, रुमाल काढायला त्या कडेला गेलात तर दुसऱ्या सरकारात. त्यात प्लेगला भिऊन इंदूरची माणसं इथे येऊन राहिलेली, भाडी देवीच्या टेकडीवर चढून बसलेली, ती खाली उतरतील तर शपथ!

बरं, दफ्तरातून घरभाडं मिळतं. पण कोणाला? जो कुटुंबासह थोरल्या पातीत राहील त्याला! आणि शाळा? मोठ्या शाळेत माधवला घेईनात, वय पुढे गेलं आणि इयत्ता मागे राहिली म्हणाले. राहिले आमचे भास्करमास्तर, त्यांची खासगी इंग्रजी शाळा. मास्तर कसे बोलतात माहीतय? डोळे मिटून. "हे पहा भगवंतराव, धाकट्या पातीतल्या एका सरदारांनी शाळेला देणगी दिलीय. धाकट्या पातीतली मुलं निम्म्या फीवर. बाहेरची असली तर… तुम्हाला झेपायचं नाही हो!" डोळे मिटून बरोबर ओळखलं, झेपायचं नव्हतंच! म्हणजे जागा आहे तर शाळा नाही, शाळा आहे तर जागा नाही!

तुम्ही म्हणाल, मग नका शिकवू इंग्रजी. कसं नको? मी जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुराच्या नकला केल्या. ही मान बघा, वाकलीय ती वाकलीच. माझ्या माधवची मान अशी व्हायला नको, एवढंच हो माझं मागणं!

आणि मग सापडलं हे घर. देवीनंच धाडलं म्हणायचं! कारण हे घर नेमकं हद्दीवर. हा उंबरठा दिसतोय ना? याच्या अलीकडे ओसरी, थोरली पाती. पलीकडे माजघर आणि स्वयंपाकघर, धाकटी पाती. मी ओसरीवर झोपायचं, मुलांनी आत झोपायचं, मी इकडून घरभाडं घ्यायचं, माधवनं तिकडून शाळेत जायचं. जागाही आहे, शाळाही आहे! मी आनंदानं घरमालकीण भवानीबाईंच्या पायाच पडलो.

आठ दिवसांत दारात फत्तेसिंगराव! आमच्या दफ्तरातले तपासनीस. मिशीला पीळ, हातात काठी. "भगवंतराव, राहता कुठे?" म्हटलं, इथेच, ओसरीवर. "झोपायचं काय, मी पालखीतसुद्धा झोपतो. ज्याची चूल जिथे पेटते तिथे त्याचं घर. चूल दाखवा!" आता आली का पंचाईत! चूल तर आत, धाकट्या पातीत! माझ्या तोंडून निघून गेलं, "मांडतोच आहे साहेब इथे, माती आणायला माणूस गेलाय." हलवावी म्हटलं आतली चूल बाहेर, तर मास्तर हजर. डोळे मिटून, "हे पहा, माणसाचं घर म्हणजे त्याची चूल. तुमची आतच आहे ना?" आहे हो मास्तर, आहे! दोघांचं राज्य वेगळं, पण चुलीवर एकमत!

मग काय करता? आत एक होती, बाहेर ही दुसरी मांडली. मला वाटलं, काय डोकं चालवलं!

अहो, पण एका घरात दोन चुली म्हणजे आपल्यात काय ते तुम्हाला सांगायला हवं का? संध्याकाळी घरातून दोन धूर निघाले आणि सकाळी विहिरीवर बातमी, धारच्या भगवंतानं आईला वेगळं काढलं! माईला! जिनं मला वाढवताना स्वतः चार वेळा जेवल्याचं खोटं सांगितलं, त्या माईला! बातमी गाडीच्या आधी सरदारपूरला पोचली आणि मावशी आली की हो धावत. पदर डोळ्यांना. "भगवंता, अरे तुला लाज कशी नाही? म्हातारी जड झाली काय तुला?"

आता सांगा, मी काय बोलणार? खरं बोललो तर मावशीचं तोंड म्हणजे दवंडी. इकडून घरभाडं जातं, तिकडून माधवचं नाव कमी होतं! माझी ही आतून खुणा करतेय, बोलू नका, बोलू नका! तुम्हाला सांगतो, मान खाली घातली आणि म्हटलं, "हो मावशी. काढलं वेगळं." काळीज तुटलं हो माझं. माई आत बसून सगळं ऐकत होती आणि तीही एक शब्द बोलली नाही. नातवासाठी!

इथे संपलं म्हणता? भवानीबाई आल्या! माळव्याचा खणखणीत आवाज, "देख भिया, एक घर तो एक भाड़ो. अब दो चूल्हा जले हे, तो घर बी दो, भाड़ा बी दो!" मी म्हटलं, बाई, माणसं तीच आहेत! "वो म्हारे नी मालम भिया, म्हारे धुआँ दीखे हे!" झालं! दफ्तराचं घरभाडं आलं ते थेट भवानीबाईंच्या पदरात. जागा आहे तर शाळा नाही, शाळा आहे तर जागा नाही, आणि दोन्ही असली तर खिशात काही नाही!

बरं, मोडावी ही चूल, तर फत्तेसिंगराव नेमके जेवायच्या वेळेला फिरतात. ओसरीवर धूर दिसलाच पाहिजे. आणि माई? माई आता खुशीत! "भगवंता, वेगळं राहण्यात सुख आहे रे," म्हणते. ही, माधव, आमची लेक कमल, सगळे आत तिच्या पंक्तीला. गरम पोळी, वरणावर तूप, वास इथवर येतो. मी उंबरठ्यावर नुसतं पाऊल टाकलं तर माई ओरडते, "मागे हो! फत्तेसिंगराव बघतील!" पोरगं आत इंग्रजी शिकतंय आणि बाप बाहेर भात शिजवायला शिकतोय.

पण तुम्ही आपली माणसं म्हणून बोललो हो. बाहेर बोलू नका. विशेषतः त्या फत्तेसिंगरावांच्या कानावर… कोण खोकलं? तिकडे खांबाशी कोण बसलंय? जरा धूर विरू दे… काठी?… मिशी?…

अरे रावसाहेब! आपण केव्हापासून… सुरुवातीपासून? वा, वा.

आता उठू नका. पान मांडतो, जेवूनच जा. भात थोडा करपलाय, पण खात्री बाळगा साहेब, थोरल्या पातीतच करपलाय!