पाठीवरची तलवार

आमचे आजोबा, म्हणजे नाना, माझ्या चुलतभावाचं, मयूरचं कौतुक करायला लागले की माझा जळफळाट होतो. मी कॉलेजात तलवारबाजीचं पदक आणलं, तेव्हा त्यांनी पेपरमधून मानही वर केली नव्हती.

परवा मयूरच्या गेममधल्या सामुराईने पाठीवरून लांबलचक जपानी तलवार सर्रकन उपसली.

नाना खूश. "वा रे पोऱ्या!"

मी म्हटलं, "नाना, खोटं आहे ते. एवढी लांब तलवार पाठीवरून निघत नाही, हात पुरत नाही. ती कमरेला खोचतात."

"तुले काय समजस?"

मी मयूरच्या पाठीला पाइप बांधला, त्यात तेवढीच लांब काठी घातली. "काढ."

काठी निम्म्यावर अडकली. मयूर घामाघूम झाला. मी ऐटीत नानांकडे पाहिलं.

"तरी अर्धी तं काढी ना पोऱ्यानी!"