चाकांची समान वाटणी

टायरच्या दुकानात पंक्चरसाठी थांबलेल्या मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला आणि कान शेजारच्या जोडप्याकडे लावले.

“दादा, ऐंशीच्या पुढे गाडी नुसती थरथरते. आज नीट झाली नाही, तर उद्या लेकीकडे मी बसने जाणार. हे येऊ देत एकटे.”

“काकू, परवाच तर बॅलन्सिंग करून दिलं. चाकांवरची शिशाची वजनं कुणी हलवली?”

“मी हलवली,” काका म्हणाले. “एका चाकाला पाच, एकाला तीन आणि बाकीची दोन कोरडी! मग चौघांना दोन-दोन चिकटवली.”

“अहो काका, चाक जिथे हलकं, तिथेच वजन लागतं!”

“म्हणजे दोघांनी उपाशी राहायचं?”

अर्ध्या तासाने मिस्त्रीने हात पुसले. “झालं. आता बोटही लावायचं नाही.”

“छे छे! फक्त मागच्या दोघांना एकेक तरी...”

“दादा, बसस्टॉप कुठल्या बाजूला हो?”