जास्वंदीला पाणी

हिंजवडीहून कंपनीच्या बसनं आलेली कल्याणी नारायण पेठेतल्या दवाखान्यात नंबरची वाट बघत होती. शेजारी एक जोडपं. नवरा बसला कसला, एका अंगावर टेकला होता. बायको त्याच्यावर तापली होती.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मूळव्याध नाही, फिशर आहे. चीर. भरपूर पाणी प्या, कुंथू नका, गरम पाण्यात बसा."

"हळू बोल, श्रद्धा."

"वर्षभर आपण हळूच बोलतोय. ऑफिसात पाठदुखी सांगितलीस, आईंना पित्त. मी रोज लिटरची बाटली भरून देते, ती रिकामी परत येते. मग चीर भरत का नाही?"

त्यानं टेकायची बाजू बदलली.

"मी विचारतेय, समाधान."

"बस दोन-दोन तास अडकते. मध्ये उतरता येत नाही. म्हणून मी पाणी पीतच नाही."

"आणि ऑफिसात?"

"तिथं सारखं उठलं की टीम लीड घड्याळ बघतो."

"मग बाटली रिकामी कशी होते?"

"येताना सोसायटीतल्या जास्वंदीला घालतो."

"छान. आता ऑपरेशनही जास्वंदीचंच करायला सांगू डॉक्टरांना."

कल्याणीनं मांडीवरची आपली सकाळपासून तशीच भरलेली बाटली हळूच ओढणीखाली सरकवली.